परका कारभारी आणि न मागितलेला हिशेब

दिदिए गीयोम यांचे १७ जानेवारी २०२५ रोजी नीस येथे निधन झाले, तेव्हा ते पासष्ट वर्षांचे होते आणि फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्यावरील मोनाको या चिमुकल्या संस्थानाचे शासनप्रमुख होऊन त्यांना जेमतेम साडेचार महिने झाले होते. त्याआधीचे त्यांचे सार्वजनिक आयुष्य निवडणुका आणि निवडून आलेली सभागृहे यांतच गेले होते. फ्रान्सच्या आग्नेय भागातील द्रोम जिल्ह्यात, बुर्ग-द-पेआज या आपल्या जन्मगावाचे नगराध्यक्षपद त्यांनी सांभाळले. २००४ पासून २०१५ पर्यंत ते द्रोमच्या जिल्हा परिषदेचे अध्यक्ष होते. २००८ मध्ये ते सिनेटवर गेले, तिचे उपाध्यक्ष झाले आणि पुढे तेथील समाजवादी गटाचे नेतृत्व त्यांच्याकडे आले. २०१८ च्या सुरुवातीला त्यांनी समाजवादी पक्ष सोडला, त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये ते फ्रान्सचे कृषिमंत्री झाले आणि जुलै २०२० पर्यंत त्या पदावर राहिले. या प्रत्येक टप्प्यावर त्यांना प्रश्न विचारणारे आणि प्रसंगी घरी पाठवू शकणारे कोणीतरी होते. २ सप्टेंबर २०२४ रोजी त्यांनी मोनाकोत जे पद स्वीकारले, तेथे असा अधिकार फक्त एका व्यक्तीला आहे, आणि ती व्यक्ती म्हणजे तेथील प्रिन्स, अर्थात गादीवरचा राज्यकर्ता.

गीयोम यांच्या सचोटीविषयी किंवा कर्तृत्वाविषयी शंका घेण्यासाठी मी हे लिहीत नाही. साडेचार महिन्यांच्या कारकिर्दीवरून कोणाचेही मोजमाप करणे अन्यायाचे ठरेल. माझा प्रश्न ज्या खुर्चीवर ते बसले त्या खुर्चीविषयी आहे. एका सार्वभौम, संयुक्त राष्ट्रांचा सभासद असलेल्या देशाचा कारभार शेजारच्या देशातील राजकारण्याने किंवा निवृत्तीकडे झुकलेल्या प्रशासकाने चालवावा का, आणि चालवायचाच असेल तर त्याने उत्तर कोणाला द्यावे?

आधी शब्दाविषयी थोडे सांगायला हवे. या पदाच्या फ्रेंच नावाचे शब्दशः भाषांतर ‘राज्यमंत्री’ असे होईल आणि आपल्याकडच्या वाचकाच्या मनात लगेच दुय्यम दर्जाचा मंत्री उभा राहील. मोनाकोत मात्र हाच सर्वोच्च मंत्री असतो. प्रशासन, पोलीस, परराष्ट्र व्यवहार आणि अर्थव्यवस्था या सर्वांवर त्याची देखरेख असते आणि शासन परिषदेच्या बैठकांचे अध्यक्षस्थान त्याच्याकडे असते. १७ डिसेंबर १९६२ च्या राज्यघटनेनुसार तो प्रिन्सच्या सर्वोच्च अधिकाराखाली शासन चालवतो, आणि तो व त्याचे सहकारी मंत्री प्रिन्सला जबाबदार असतात. चोवीस सदस्यांची निवडून आलेली राष्ट्रीय परिषद कायदे आणि अंदाजपत्रक संमत करते, प्रश्न विचारते, अंदाजपत्रक अडवूनही धरू शकते. परंतु अविश्वासाचा ठराव करून शासनप्रमुखाला पायउतार करणे तिच्या हाती नाही. म्हणून मी त्याला ‘कारभारी’ म्हणतो. या शब्दात अधिकारही आहे आणि तो अधिकार दुसऱ्याच्या वतीने चालवण्याचा भावही आहे.

हे पद जन्माला आले ते एका असंतोषातून. १९१० मध्ये मोनाकोचे मूळ रहिवासी, ज्यांना मोनेगास्क म्हणतात, प्रिन्स आल्बेर पहिले यांच्या अनियंत्रित सत्तेविरुद्ध उठले. कॅसिनोच्या उत्पन्नावर संस्थान श्रीमंत झाले होते, पण नोकऱ्या आणि अधिकाराच्या जागा आपल्याला मिळत नाहीत, त्या बाहेरून आलेल्यांकडे जातात, ही त्यांची मोठी तक्रार होती. त्यातून ५ जानेवारी १९११ ची पहिली राज्यघटना आली, निवडून आलेली राष्ट्रीय परिषद आली आणि शासनप्रमुखाचे हे पदही आले. आश्चर्य असे की परक्यांविषयीच्या तक्रारीतून निघालेल्या या व्यवस्थेच्या शिखरावर पहिल्या दिवसापासून फ्रेंच माणूस बसला. १७ जुलै १९१८ च्या तहाने फ्रान्सने मोनाकोच्या स्वातंत्र्याची हमी घेतली आणि त्याबदल्यात मोनाकोने आपले सार्वभौमत्व फ्रान्सच्या राजकीय, लष्करी, नाविक आणि आर्थिक हितांशी पूर्ण सुसंगत ठेवण्याचे मान्य केले. महायुद्ध चालू होते, गादीवर दूरच्या नात्यातला जर्मन वारस येण्याची शक्यता होती, त्यामुळे पॅरिसची काळजी समजण्यासारखी होती. १९३० च्या कराराने मात्र त्या काळजीला कायमचे घर मिळाले: शासनप्रमुख फ्रेंच सरकारने सुचवलेल्या फ्रेंच नागरिकांतूनच निवडायचा, असे त्यात लेखी ठरले.

आपल्याकडच्या संस्थानांचा इतिहास ज्यांना ठाऊक आहे, त्यांना इथे संस्थानिकाचा कारभार पाहणारा दिवाण आणि दरबारातला इंग्रज सरकारचा प्रतिनिधी, म्हणजे रेसिडेंट, आठवल्यावाचून राहणार नाहीत. बडोद्यात मल्हारराव गायकवाडांच्या काळी दादाभाई नौरोजी दिवाण होते आणि कर्नल फेअर रेसिडेंट होते. दोघांचे पटत नव्हते, पण निदान ते दोन वेगळे इसम होते आणि कोण कोणाचे मीठ खातो हे दरबारातल्या प्रत्येकाला माहीत होते. १९३० नंतरच्या मोनाकोत या दोन्ही भूमिका एकाच माणसात एकवटल्या. तो प्रिन्सचा प्रथम सेवक होता आणि त्याच वेळी ज्या राष्ट्राने त्याला सुचवले त्याचा विश्वासू होता. दोन्ही निष्ठांचा रस्ता एक असेपर्यंत काही बिघडत नाही. तो फुटला की काय होते, ते १९६२ मध्ये दिसले.

तेव्हाचे शासनप्रमुख एमिल पेलेतिए हे साधे अधिकारी नव्हते. जून १९५८ मध्ये फ्रान्समध्ये द गॉल सत्तेवर आले तेव्हा त्यांच्या मंत्रिमंडळात पेलेतिए गृहमंत्री होते, आणि १९५९ मध्ये ते मोनाकोला आले. त्याच वर्षी प्रिन्स रेनिए तिसरे यांनी १९११ ची घटना स्थगित करून राष्ट्रीय परिषद बरखास्त केली होती. म्हणजे पेलेतिए आले तेव्हा त्यांच्याकडे हिशेब मागू शकेल असे सभागृहच अस्तित्वात नव्हते. जानेवारी १९६२ मध्ये नभोवाणी आणि दूरचित्रवाणी कंपनीच्या शेअरांच्या व्यवहारांवर रेनिए यांनी घातलेल्या निर्बंधावरून दोघांत जोराचा खटका उडाला आणि प्रिन्सनी पेलेतिए यांना पदावरून काढून टाकले. पॅरिसने ते आपल्या माणसाचा, म्हणजे आपलाच अपमान मानला. त्यामागे खरा विषय करांचा होता. फ्रेंच माणसे आणि कंपन्या कर वाचवण्यासाठी मोनाकोत जात होत्या आणि द गॉल यांना ते बंद करायचे होते. १२ ऑक्टोबर १९६२ च्या मध्यरात्री फ्रेंच कस्टम्सचे अधिकारी मोनाकोच्या सीमेवर उभे राहिले आणि गाड्या अडवून तपासणी सुरू झाली. १८ मे १९६३ च्या करारानंतर मोनाकोत नव्याने राहायला आलेल्या फ्रेंच नागरिकांना फ्रान्सचा प्राप्तिकर लागू झाला. तो आजही लागू आहे.

या प्रसंगातून बहुतेक जण एका चिमुकल्या राज्याने बलाढ्य शेजाऱ्याशी भांडू नये एवढाच बोध घेतात. मला त्यातली दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची वाटते. शासनप्रमुखाला काढण्याचा निर्णय राजवाड्यात झाला, त्याचा राग पॅरिसमध्ये आला, आणि ज्यांच्या घरांचे, दुकानांचे आणि करांचे भवितव्य त्यावर अवलंबून होते त्या लोकांना दोन्हीकडे कोणी विचारले नाही. वर्षाअखेर जी नवी घटना आली तिने राष्ट्रीय परिषद पुन्हा प्रस्थापित केली, राष्ट्रीय निवडणुकीत स्त्रियांना मताधिकार दिला, देहदंड रद्द केला. या मोठ्या सुधारणा होत्या. शासनप्रमुखाची जबाबदारी मात्र होती तिथेच, प्रिन्सच्या चरणी राहिली.

पुढच्या काळात फ्रान्सशी असलेले नाते बरेच सैल झाले. १९९३ मध्ये मोनाको संयुक्त राष्ट्रांत गेला. २००२ च्या तहाने १९१८ च्या तहाची जागा घेतली. २००४ मध्ये मोनाकोला युरोपीय मंडळाचे सदस्यत्व मिळाले, पण त्यासाठी वरची पदे फ्रेंचांसाठी राखून ठेवणारा १९३० चा करार बदलणे भाग होते. नोव्हेंबर २००५ मध्ये तो बदलला. आता शासनप्रमुख मोनेगास्कही असू शकतो. तरीही एक अट शिल्लक राहिली: अशा संवेदनशील पदांवर येणारी व्यक्ती फ्रेंच सरकारशी विचारविनिमय करून नेमायची आणि तिच्यावर दोन्ही राज्यांचा विश्वास असला पाहिजे. म्हणजे मोनाकोच्या नागरिकाला स्वतःच्या देशाचा शासनप्रमुख होण्यासाठी पॅरिसचाही विश्वास लागतो, मात्र स्वतःच्या देशातील निवडून आलेल्या परिषदेचा विश्वास लागत नाही. या वाक्यावर मी अनेकदा थांबलो आहे, आणि मला त्याचे समर्थन सापडलेले नाही.

दार उघडून आता सुमारे वीस वर्षे झाली. त्या काळात पॅरिसचे माजी पोलीस प्रमुख जाँ-पॉल प्रूस्त, मिशेल रोजे, मुत्सद्दी सेर्ज तेल, प्रीफेक्ट, म्हणजे जिल्ह्यातील फ्रेंच सरकारचे प्रतिनिधी, राहिलेले पिएर दार्तू आणि मग गीयोम असे सगळे फ्रेंचच आले. गीयोम यांच्यासारखा मतपेटीतून वर आलेला राजकारणी या रांगेत तसा विरळाच. त्यांच्याआधी १९९४ ते १९९७ या काळात पॉल दिजू होते, जे राष्ट्राध्यक्ष जिस्कार देस्तँ यांच्या काळात फ्रान्समध्ये मंत्री राहिलेले होते.

परक्या कारभाऱ्याच्या बाजूने एक युक्तिवाद आहे आणि तो दुबळा नाही. मोनाकोचे क्षेत्रफळ सुमारे दोन चौरस किलोमीटर आहे. लोकसंख्या अडतीस हजारांच्या घरात, त्यातले मोनेगास्क दहा हजारांहून कमी. राज्याच्या मालकीची घरे, सरकारी नोकऱ्या, व्यवसायाचे परवाने या सर्वांत मोनेगास्कांना प्राधान्य असते, आणि ज्या शहरात घराच्या किमती जगातल्या सर्वांत चढ्या किमतींमध्ये मोजल्या जातात तिथे सरकारी सदनिका मिळणे न मिळणे म्हणजे कुटुंबाला आपल्याच देशात राहता येणे न येणे. एवढ्याशा समाजात प्रत्येक जण प्रत्येकाचा चुलत, मावस किंवा वर्गमित्र असतो. वाटप करणाऱ्याच्या हाती यादी असते आणि यादीत त्याचे व्याही असतात. अशा जागी ज्याला गावात सोयरेही नाहीत आणि वैरीही नाहीत असा माणूस बसवावा, हा शहाणपणाचा विचार आहे. लहान गावात भाऊबंदकीचा निवाडा करायला पलीकडच्या गावचा पंच का बोलावतात, हे ज्याने पाहिले आहे त्याला हा युक्तिवाद पटवून द्यावा लागणार नाही.

शिवाय मोनाकोच्या राजघराण्याचे मूळ इटलीतल्या ज्या जेनोआ नगरात आहे, तिथे हा विचार आठ शतकांपूर्वीच संस्थारूपाला आला होता. ग्रिमाल्दी हे जेनोआचे घराणे. १२९७ मध्ये फ्रान्चेस्को ग्रिमाल्दीने मोनाकोचा किल्ला घेतला. त्याच्या शतकभर आधी, बाराव्या शतकाच्या अखेरीस, बड्या घराण्यांच्या आपसांतल्या लढायांना कंटाळून जेनोआने आपला कारभार ‘पोदेस्ता’ नावाच्या अधिकाऱ्याकडे सोपवला. उत्तर व मध्य इटलीतल्या अनेक नगरांनी तेच केले. पोदेस्ता मुद्दाम दुसऱ्या नगरातला निवडत. तो बाहेरचा असल्याने कोणत्याही घराण्याचा नसे. त्याची मुदत थोडी असे, बहुतेक ठिकाणी वर्षभराची, पुढे काही नगरांत सहा महिन्यांचीही.

मोनाकोच्या व्यवस्थेचे समर्थन करणाऱ्यांनी पोदेस्ताकडे जरूर बोट दाखवावे. पण मग त्याची गोष्ट शेवटपर्यंत सांगावी. मुदत संपली की पोदेस्ताला लगेच नगर सोडता येत नसे. त्याने आणि त्याच्यासोबत आलेल्या न्यायाधीशांनी व लेखनिकांनी काही दिवस तिथेच थांबायचे, आणि त्या दिवसांत त्यांच्या कारभाराची जाहीर तपासणी होई. तिला ‘सिंदाकातो’ म्हणत. ज्या नागरिकाला अन्याय झाला असे वाटे तो तक्रार घेऊन येई, हिशेब तपासले जात आणि दोष सापडला तर दंड भरावा लागे. परक्याला अधिकार द्यायचा आणि जाताना त्याच्याकडून हिशेब घ्यायचा, हे एकाच व्यवस्थेचे दोन भाग होते. मोनाकोने पहिला भाग ठेवला आणि दुसरा कधी आणलाच नाही. शासनप्रमुख येतो, राजवाड्यात शपथ घेतो, काही वर्षे काम करतो, सन्मानचिन्ह घेतो आणि जातो. मधल्या काळात परिषद त्याला धारेवर धरते, अंदाजपत्रकाच्या चर्चा कडाक्याच्या होतात, हे खरे आहे. परंतु जबाबदारी निश्चित करणारा जाहीर क्षण त्यात कुठेही येत नाही.

याचा परिणाम प्रत्यक्षात कसा होतो, ते २०२४ च्या उन्हाळ्यात दिसले. जूनअखेर आंतरराष्ट्रीय वित्तीय कृती दलाने मोनाकोला आपल्या ‘करड्या यादी’त टाकले, म्हणजे काळ्या पैशाविरुद्धच्या व्यवस्थेत त्रुटी असलेल्या आणि वाढीव देखरेखीखाली असलेल्या देशांत त्याची गणना झाली. ज्या राज्याचे पोट बँका, मालमत्ता आणि जगभरातील श्रीमंत रहिवाशांवर चालते त्याच्यासाठी हा मोठा धक्का होता. त्याच सुमारास दार्तू यांची मुदत संपली आणि गीयोम आले, आणि यादीतून बाहेर पडणे हे त्यांच्यापुढचे पहिले काम ठरले. या धक्क्याला कोणते निर्णय, कोणती दिरंगाई, कोणाचे दुर्लक्ष कारणीभूत होते? कदाचित कोणा एकाचा दोष नसेलही. पण एखाद्या संसदीय राज्यात हा प्रश्न सभागृहात शासनप्रमुखाच्या खुर्चीशी जोडून विचारला गेला असता आणि उत्तर समाधानकारक नसते तर खुर्ची रिकामी झाली असती. मोनाकोत माणूस बदलला तो ठरलेल्या वेळापत्रकाप्रमाणे, आणि प्रश्न त्याच्यासोबत गावाबाहेर गेला.

माझ्या म्हणण्यावर एक आक्षेप असा येईल की राष्ट्रीय परिषद तरी कोणाचे प्रतिनिधित्व करते. मतदानाचा अधिकार फक्त मोनेगास्कांना आहे. देशात राहणारे बहुसंख्य लोक परदेशी आहेत, आणि रोज सकाळी फ्रान्स व इटलीहून येऊन संध्याकाळी परतणारे हजारो कामगार वेगळेच. २०२३ च्या निवडणुकीत तर चोवीसच्या चोवीस जागा एकाच आघाडीने जिंकल्या. अशा परिषदेच्या हाती शासनप्रमुखाचे भवितव्य दिले, तर काही हजार मतदारांच्या हितसंबंधांचे राज्य येईल, आणि ज्यांना मत नाही त्या परदेशी रहिवाशाला आणि सीमेपलीकडून येणाऱ्या कामगाराला वाली उरणार नाही. हा आक्षेप मला गंभीर वाटतो. म्हणूनच परिषदेला शासन पाडण्याचा सरसकट अधिकार द्यावा, असे मी म्हणत नाही. पण ज्यांना मत नाही त्यांचा वाली म्हणून आपण ज्याच्याकडे पाहतो, तो कारभारी त्यांनाही उत्तर देत नाही, हे विसरून चालणार नाही. जाहीर हिशेब ही अशी गोष्ट आहे की ती मतदारालाही मिळते आणि मत नसलेल्या कामगारालाही वाचता येते.

गीयोम यांच्या आजारपणात आणि निधनानंतर जे घडले त्याकडे मी सर्वांत अधिक लक्ष वेधू इच्छितो. शासनप्रमुखाचे काम हंगामी म्हणून इझाबेल बेरो-अमादेई यांच्याकडे आले. त्या मोनेगास्क आहेत, युरोपीय मानवाधिकार न्यायालयात त्यांनी मोनाकोकडून न्यायाधीश म्हणून काम केले आहे आणि शासनात परराष्ट्र व्यवहार त्यांच्याकडे होता. जानेवारीपासून जुलै २०२५ पर्यंत, सुमारे सहा महिने, संस्थानाचा कारभार त्यांनी पाहिला. त्या काळात घराणी एकमेकांच्या उरावर बसली नाहीत आणि फ्रान्सशी संबंधही तुटले नाहीत. ‘मोनेगास्क माणूस तटस्थ राहू शकणार नाही’ हे गृहीत प्रत्यक्ष कसोटीला लागले आणि मला तरी ते टिकलेले दिसत नाही. त्याच काळात फिलिप मेतू या फ्रेंच विधिज्ञांची कायम पदासाठी निवड जाहीर झाली आणि पदभार घेण्याआधीच त्यांनी माघार घेतली. त्यांच्याऐवजी २१ जुलै २०२५ रोजी प्रीफेक्ट म्हणून दीर्घ अनुभव असलेले क्रिस्तोफ मिर्माँ आले. एक नाव आले, गेले, दुसरे आले, आणि त्यांपैकी कोणालाही निवडून आलेल्या सभागृहासमोर उभे राहून आपण काय करणार आहोत हे सांगून त्याची संमती मिळवावी लागली नाही.

फ्रान्सच्या बाजूनेही या प्रश्नाकडे पाहायला हवे. फ्रेंच प्रजासत्ताकाने आपल्या मंत्र्यांना आणि प्रीफेक्टना लोकशाहीच्या शिस्तीत वाढवले आहे. त्यांतला एखादा सीमेपलीकडे गेला की त्या शिस्तीतून मोकळा होतो आणि तरी तिथे त्याच्याकडे ‘फ्रान्सचा माणूस’ म्हणूनच पाहिले जाते. मोनाकोत कारभार बिघडला तर बोल पॅरिसलाही लागतो आणि सुधारला तर श्रेय राजवाड्याला जाते. ज्या राष्ट्राने आपल्या राज्यघटनेत शासनाला संसदेपुढे जबाबदार धरले आहे, त्याने आपल्या विश्वासातील माणूस पाठवताना एवढी विनंती तर करावीच की त्याला तिथल्या निवडून आलेल्या प्रतिनिधींसमोर बोलू द्या.

मोनाकोची घटना बदलायची तर प्रिन्स आणि राष्ट्रीय परिषद या दोघांची संमती लागते, आणि राजेशाहीचा गाभा बदलण्याची इच्छा मला तेथील बहुसंख्य मोनेगास्कांतही दिसत नाही. ग्रिमाल्दी घराण्याशी त्यांचे नाते स्वतःच्या अस्तित्वाशी जोडलेले आहे आणि बाहेरच्याने त्याला हात घालू नये. पण मी म्हणतो त्यासाठी घटना बदलावी लागणार नाही. नियुक्तीपूर्वी प्रिन्सनी निवडलेल्या व्यक्तीला राष्ट्रीय परिषदेच्या खुल्या बैठकीत आपला कार्यक्रम मांडायला आणि प्रश्नांना उत्तरे द्यायला सांगणे प्रिन्सच्या इच्छेने उद्याही होऊ शकते. मुदत संपताना शासनप्रमुखाने घरवाटप, सरकारी कंत्राटे, करड्या यादीसंबंधीची पूर्तता आणि नोकरभरती यांचा लेखी अहवाल सादर करावा, परिषदेने त्यावर तज्ज्ञांच्या साहाय्याने सुनावणी घ्यावी, मत नसलेल्या रहिवाशांना आणि कामगारांनाही आपले निवेदन देता यावे आणि हे सगळे छापून प्रसिद्ध व्हावे. आणि त्या सुनावणीचे काम पुरे होईपर्यंत, मिर्माँ असोत वा त्यांच्यानंतर येणारे कोणी, मोनेगास्क असोत वा फ्रेंच, जेनोआच्या पोदेस्ताप्रमाणे त्यांनी मोनाको सोडू नये.